दहावीचा पहिला धडा आणि घरातला देव

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’मधला पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. साहजिकच तो जून-जुलैत शिकवला जातो. शाळा नाशिकच्या पंचवटीतली असो की पेठची आश्रमशाळा, एखाद्या बाकावरून प्रश्न येतोच : “सर, मग देवाने माणूस निर्माण केला ते खोटं का?”

उत्तरं बहुधा दोन मिळतात. एक : “परीक्षेपुरतं लिहा, विश्वास ठेवायची सक्ती नाही.” दुसरं : “आपल्या दशावतारात हेच तर सांगितलंय.” दोन्ही उत्तरं मुलाचं मन राखण्यासाठी दिलेली असतात. पण पहिल्याने मूल विज्ञानाला घोकंपट्टी समजू लागतं, आणि दुसऱ्याने विज्ञानही चुकीचं कळतं आणि अवतारकल्पनाही. प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

आधी शब्दाबद्दल. ‘उत्क्रांती’ या शब्दातच एक गफलत दडलेली आहे. ‘उत्’ म्हणजे वर, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणं. शब्द ऐकला की डोळ्यांसमोर जिना उभा राहतो : तळाशी जंतू, मग मासा, बेडूक, माकड आणि वरच्या पायरीवर आपण. जीवशास्त्रातल्या उत्क्रांतीत जिना नाही आणि कुठे पोचायचं हे ठरलेलंही नाही. दावा दोन गोष्टींचा आहे. सजीवांच्या समूहात पिढ्यांमागून पिढ्या आनुवंशिक गुणांचं प्रमाण बदलत जातं. आणि मागे मागे गेलं तर आजच्या सगळ्या जाती सामाईक पूर्वजांना जाऊन मिळतात. पहिली गोष्ट डोळ्यांसमोर मोजता येते. दुसरी पुराव्यांवरून सिद्ध करावी लागते, जशी वंशावळ सिद्ध करतात.

वंशावळीचं उदाहरण नाशिककरांना दूर शोधायला नको. नाशिकच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळी असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की वही उघडते आणि आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा यांची नावं निघतात. कधी असंही निघतं की शेजारच्या तालुक्यातलं एक अनोळखी घराणं पाच पिढ्यांमागे आपल्याच घराण्याला मिळतं. म्हणून काही ते लोक आपले पूर्वज ठरत नाहीत. ते आपले भाऊबंद. माणूस आणि चिंपांझी यांचं नातं नेमकं असं आहे. साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता. तो आजचा चिंपांझी नव्हता आणि आजचा माणूसही नव्हता. “मग आज माकडांची माणसं का होत नाहीत?” या हमखास प्रश्नाचं उत्तर इथेच आहे : चुलत घराण्याने आपल्या घराण्यात रूपांतर करून घ्यावं अशी अपेक्षाच चुकीची आहे.

नामावळीवरून पुराव्याची रीतही समजते. एक वही दुसरीवरून उतरवताना लेखनिकाकडून चुका होतात. समजा दोन वेगवेगळ्या वह्यांत एकाच ओळीत, एकाच नावात, एकच अक्षर गळलेलं दिसलं. दोन लेखनिकांनी स्वतंत्रपणे नेमकी तीच चूक केली असेल, की दोन्ही वह्या त्याच चुकलेल्या मूळ वहीवरून उतरल्या असतील? दुसरंच पटतं. बहुतेक सस्तन प्राणी स्वतःच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार करतात. माणसात त्यासाठी लागणारा जनुक आहे, पण मोडका, म्हणूनच आपल्याला आवळा आणि लिंबू खावं लागतं. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यातही तो मोडलेला आहे आणि त्या मोडतोडीच्या खुणा आपल्याशी जुळतात. गिनीपिगमध्येही हा जनुक निकामी झाला आहे, पण त्याचा बिघाड वेगळा आहे, म्हणजे तो स्वतंत्रपणे झाला. दुसरी खूण गुणसूत्रांची. या तिन्ही कपींत ४८ गुणसूत्रं असतात, आपल्यात ४६. आपलं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र दोन गुणसूत्रांच्या टोकाला टोक जुळून झालेलं आहे. एरवी फक्त टोकांवर सापडणारी डीएनएची रचना त्याच्या मधोमध सापडते, जोडलेल्या दोरीत गाठ सापडावी तशी.

“पण ही फक्त थिअरी आहे ना?” बोलताना आपण अंदाजालाही थिअरी म्हणतो. विज्ञानात अंदाजाला गृहीतक म्हणतात. अनेक बाजूंनी तपासून टिकलेल्या स्पष्टीकरणाला सिद्धान्त म्हणतात. जंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धान्तच आहे.

आता निवड कशी होते ते द्राक्षबागेत पाहू. दिंडोरी-निफाडच्या बागायतदाराला डावणी आणि भुरी हे द्राक्षवेलीचे रोग कुणी समजावून सांगायला नकोत. डावणीवर अझॉक्सिस्ट्रॉबिनच्या गटातली औषधं एके काळी चांगली चालत. महाराष्ट्रातल्या बागांत पुढे त्यांना न जुमानणारी डावणी सापडू लागली. शिवारात याला “रोगाला औषधाची सवय झाली” म्हणतात. हे वाक्य ऐकायला निरुपद्रवी वाटतं, पण उत्क्रांती न समजण्याचं मूळ त्यात आहे. सवय एका जीवाला होते. इथे कुठल्याही एका जीवाला काहीही झालेलं नाही.

घडतं ते असं. डावणी घडवणाऱ्या बुरशीसारख्या जीवांची संख्या बागेत अफाट असते. पिढ्या झपाट्याने होतात आणि दर पिढीत जनुकांच्या नकला उतरताना चुका होतात. श्वसनाशी निगडित एका प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसिन नावाचं अमिनो आम्ल असतं. क्वचित एखाद्यात त्या जागी अ‍ॅलनिन येतं. एवढ्याशा फरकाने औषधाला त्या प्रथिनावर पकड मिळत नाही. फवारणीआधी अशा जीवाला फारसा फायदा नसतो, तो लाखांत हरवलेला असतो. फवारणी झाली की बाकीचे मरतात आणि पान त्याला मोकळं मिळतं. तीच फवारणी पुन्हा केली की त्याचीच प्रजा उरते. औषधाने बदल घडवला नाही. बदल आधीच होता, औषधाने निवड केली. म्हणूनच सल्ला असतो की एकाच गटाचं औषध लागोपाठ मारू नका, गट बदला, अनेक ठिकाणी मारा करणारं मॅन्कोझेबसारखं औषध जोडीला घ्या, मात्रा शिफारशीपेक्षा कमी करू नका. औषधाचं फक्त व्यापारी नाव बदललं आणि गट तोच राहिला, तर निवड तशीच चालू राहते. पैसे वाया जाण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. क्षयरोगाच्या उपचारात सुरुवातीला चार औषधं एकदम देतात त्यामागेही हाच हिशोब आहे : चारही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू असण्याची शक्यता अगदी नगण्य.

हाच बागायतदार चैत्रात सप्तशृंगीच्या यात्रेला जातो, पहिला घड देवापुढे ठेवतो आणि घरी आल्यावर औषधाचा गट बदलतो. त्याच्या मनात भांडण होत नाही.

आक्षेप येतो की रोगजंतूंपुरतं ठीक, माणसाचं काय? सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या पट्ट्यातल्या आश्रमशाळांत त्याचं उत्तर फार जवळचं आहे. सिकलसेल, पुस्तकातला शब्द दात्रपेशी पांडुरोग. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. हा जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तर आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक ठरतो, सहसा ठणठणीत राहतो आणि जीवघेण्या मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. ज्या जंगलपट्ट्यांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे वाहक जास्त जगले आणि हा जनुक टिकून राहिला. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के, पूर्ण निरोगी होण्याची २५ टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली असं नाही. दर वेळी हिशोब नव्याने सुरू होतो. ही माहिती मुलापर्यंत पोचली तर ‘मागच्या जन्माचं पाप’ हा शब्द त्याच्या आईच्या माथी बसत नाही. या भागात उत्क्रांती शिकवण्याचं याहून मोठं कारण सांगता येणार नाही.

मग देवाचं काय? यासाठी मराठीतलाच एक शब्द घेऊ. ज्या रोगाने चेहऱ्यावर वण राहत आणि गावंच्या गावं रिकामी होत, त्याला आपण ‘देवी’ म्हणत आलो. पुढे लस आली, तिलाही आपण ‘देवीची लस’ म्हणालो. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून संपल्याचं जाहीर केलं. देवीची देवळं मात्र बंद पडली नाहीत. लोकांनी ओळखलं की रोगाचं कारण विषाणू आहे, आणि देवीशी असलेलं आपलं नातं त्या कारणावर उभं नव्हतं. पावसाचंही तसंच. बाष्पीभवन शिकून आलेलं मूल “देवाने पाऊस दिला” म्हणणाऱ्या आजीशी भांडत नाही. एक वाक्य पाऊस कसा पडतो ते सांगतं, दुसरं त्याबद्दलची कृतज्ञता.

पाठ्यपुस्तकात ‘देव नाही’ असं वाक्य कुठेही नाही आणि ते असू शकत नाही. विज्ञान निसर्गातल्या घटनांची निसर्गातली कारणं शोधतं, एवढाच त्याचा करार. त्यापलीकडे कुणी आहे का, यावर प्रयोगशाळा होकारही देत नाही आणि नकारही. “उत्क्रांतीने देव खोटा ठरला” असं म्हणणारे शिक्षकही पुस्तकाबाहेर गेलेले असतात, जसे “उत्क्रांती खोटी, देव खरा” म्हणणारे.

मात्र सगळीकडे सगळं गोडीगुलाबीने जुळतं असंही नाही. पृथ्वी काही हजार वर्षांची आहे किंवा प्रत्येक जात वेगवेगळी घडवली गेली, असं कुणी अक्षरशः मानत असेल तर तिथे विरोध खरा आहे. तो लपवू नये. ख्रिस्ती जगात असं मानणारे आहेत, पण नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला ज्या कॅथलिक परंपरेतले लोक येतात, तिची भूमिका निराळी आहे. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधनाला वाट मोकळी ठेवली, आणि १९९६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी उत्क्रांती ही नुसत्या गृहीतकापेक्षा अधिक असल्याचं मान्य केलं. आत्मा मात्र दोघांनीही देवाकडेच ठेवला. अमेरिकेत डोव्हरच्या शाळांत उत्क्रांतीच्या जोडीला ‘बुद्धिमान रचनाकारा’ची कल्पनाही सांगावी का, या वादाचा निकाल २००५ मध्ये उत्क्रांतीच्या बाजूने लागला, तेव्हा उत्क्रांतीतर्फे साक्ष देणारे प्रमुख जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक होते. मुस्लिम विचारवंतांत प्राण्यांची उत्क्रांती मान्य करणारे बरेच आहेत, अडतं ते हजरत आदमपाशी, म्हणजे पहिल्या मानवापाशी. मालेगावच्या उर्दू शाळेत शिक्षकाने ही अडचण ओळखून बोलावं, ती नाहीच असं भासवू नये. जैन आणि बौद्ध परंपरेत जग निर्माण करणारा देवच नाही, तिथे प्रश्न निराळ्या रूपात येतो. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतची जैन मांडणी हे जीवांचं वर्गीकरण आहे, वंशवृक्ष नव्हे. हिंदू परंपरेला अवाढव्य काळाची भीती कधी वाटली नाही. ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर सृष्टी कुठून आली हे कोण जाणतो, असा प्रश्न विचारूनच थांबतं.

इथेच सर्वांत मोठा मोह होतो. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, कल्प ४३२ कोटींचा, म्हणजे पूर्वजांना ठाऊक होतं! पृथ्वीचं वय उल्का आणि खडक यांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजलं आहे. कल्पाची गणना युगांच्या गुणाकारातून आली आहे. आकडे जवळ येणं हा योगायोग आहे. उद्या मोजणी सुधारून आकडा सरकला, तर कल्पगणना खोटी म्हणणार का?

दशावताराचंही तेच. मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन : पाण्यातून जमिनीवर, प्राण्यातून माणसात, ओळ छान लागते. पण ‘अवतार’ म्हणजे उतरणं. ईश्वर हेतू धरून खाली येतो. उत्क्रांतीत कुणी हेतू धरून येत नाही. कूर्म मत्स्याच्या पोटी जन्मलेला नाही, आणि उत्क्रांतीचा सारा प्रश्न कोण कुणापासून आलं हाच असतो. अर्धा सिंह आणि अर्धा माणूस अशी अवस्था कधी नव्हती, सिंह आपल्या पूर्वजांत नाहीत. वामनापासून पुढचे सगळे एकाच जातीचे, माणसंच. पक्षी, कीटक, वनस्पती, जंतू या ओळीत येत नाहीत. शिवाय यादीही एक नाही. नवव्या जागी कुठे बुद्ध, कुठे बलराम, तर महाराष्ट्रात काही ठिकाणी विठ्ठल. भक्तीला याने काही उणेपणा येत नाही. पुराव्याला येतो. वर्गात ही जोड दिली की मुलाच्या मनात तोच जिना पक्का बसतो जो आपल्याला काढायचा होता. आणि त्याच वर्गातलं बौद्ध, मुस्लिम किंवा ख्रिस्ती मूल गप्प होतं, कारण आता धडा त्याचा राहिलेला नसतो. घरी आजोबांनी दशावतार अवश्य सांगावेत, पूर्ण रंगवून सांगावेत. विज्ञानाच्या तासाला ते पुरावा म्हणून आणू नयेत.

शाळेची घटनात्मक चौकट स्पष्ट आहे. अनुच्छेद ५१क(ज) वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगतो, तो १९७६ मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीने आला. अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. म्हणजे जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतला शिक्षक उत्क्रांती पूर्ण शिकवेल आणि मुलाच्या श्रद्धेची झडती घेणार नाही. २०१८ च्या जानेवारीत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचं म्हटलं, तेव्हा देशातल्या तिन्ही प्रमुख विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला होता. सीबीएसई शाळांची पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातला उत्क्रांतीचा भाग वगळला, धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. २०२३ मध्ये १८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र लिहिलं. तो विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे, पण दहावीनंतर वाणिज्य किंवा कला घेणाऱ्या मुलाला तो भेटतच नाही. नाशिकमधल्या सीबीएसई शाळांत मूल असेल तर पालकांनी ही पोकळी घरी भरावी.

वर्गात उपयोगी पडणाऱ्या दोन गोष्टी. पहिली, वाटाण्यांचा खेळ. जुलैत मैदानावर बुटकं हिरवं गवत असतं. तिथे एक मीटर लांब-रुंद चौकोन आखा आणि २० हिरवे, २० पांढरे सुके वाटाणे विखरा. चार मुलं पक्षी. प्रत्येकाने एकेक करून पाच वाटाणे टिपायचे, प्रत्येक वाटाण्यानंतर पाठ फिरवायची. २० उरतील. उरलेल्या प्रत्येकाला त्याच रंगाचं एक पिल्लू द्या, पुन्हा ४०. समजा पहिल्या फेरीत १४ पांढरे आणि ६ हिरवे टिपले गेले : उरले ६ आणि १४, पिल्लांसह १२ आणि २८. पुढच्या फेरीत ९ पांढरे, ११ हिरवे गेले तर उरले ३ आणि १७, पिल्लांसह ६ आणि ३४. एकाही वाटाण्याने रंग बदलला नाही, समूह बदलला. हे वाक्य मुलांकडून वदवून घ्या, खेळाचा सारा उद्देश त्यातच आहे. बिघडतं कुठे? काबुली चणे आणि गावठी हरभरे घेतले तर आकारही वेगळा असतो, मग निवड रंगाने झाली की आकाराने ते कळत नाही. गवत उंच असेल तर दोन्ही रंग लपतात. पाठ न फिरवता मुठीने उचलले तर निवड होतच नाही.

दुसरी, ४६ मीटर दोरी. एक मीटर म्हणजे १० कोटी वर्षं. एका टोकाला आज. ४५.४ मीटरवर पृथ्वीचा जन्म, साधारण ३५ मीटरवर सजीवांच्या जुन्या खुणा. ६६ सेंटिमीटरवर डायनोसॉर संपले, आणि साधारण तिथेच तो लाव्हा वाहिला ज्याच्या थरांतून ब्रह्मगिरी कोरला गेला. सहा-सात सेंटिमीटरवर चिंपांझीशी सामाईक पूर्वज. तीन मिलिमीटरवर आपली जात. पांडवलेणी दोन हजार वर्षांची धरली तर ०.०२ मिलिमीटर, केसाच्या जाडीहूनही कमी. इथे एक चूक नेहमी होते : धड्यात कार्बन वयमापन असल्यामुळे मुलं डायनोसॉरचं वयही त्यानेच काढतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल ५,७३० वर्षं, त्यामुळे ५० हजार वर्षांपलीकडे ते चालत नाही. बेसाल्टसाठी, म्हणजे लाव्हाच्या खडकासाठी, पोटॅशियम-अर्गॉनसारख्या पद्धती लागतात.

आणि परीक्षेचं. प्रश्न ‘पुरावे स्पष्ट करा’ असा असतो, ‘तुमचं मत काय’ असा नसतो. मुलाला सांगावं : तुला हे समजायला हवं, मांडता यायला हवं, आणि पुरावा पटत नसेल तर कुठला पुरावा आणि का, हे सांगता यायला हवं. देवघराबद्दल कुणी काही विचारत नाहीये.

त्र्यंबकच्या वाटेवरच्या शाळांत एक प्रश्न ठरलेला असतो : “बाई, मग हनुमान?” प्रश्न विचारणाऱ्याला हसू देऊ नका. अंजनेरी ही हनुमानाची जन्मभूमी मानली जाते, मुलांचे आईवडील तिथे अनवाणी चढतात. परंपरा हनुमानाला चिरंजीव मानते, माणसांचा मूळ पूर्वज म्हणत नाही. धड्याचा आणि त्याचा विषय वेगळा. मग पावसाळ्यात वर्गाला अंजनेरीवर न्या. अंजनीमातेचं दर्शन घ्यायचं त्यांनी घ्यावं. पठारावर ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ हे कंदीलपुष्प शोधा, या डोंगराच्या नावानेच त्याची जात नोंदली आहे. सह्याद्रीच्या वेगवेगळ्या माथ्यांवर त्याच्या भावकीतल्या वेगवेगळ्या जाती आहेत. मुलांना विचारा, प्रत्येक डोंगरावर हेच फूल का नाही? मधल्या दऱ्यांनी काय अडवलं असेल? धड्यातला जातिउद्भवाचा, म्हणजे नवी जात कशी तयार होते त्याचा, परिच्छेद तिथेच बसून वाचा. फूल तोडू नका, झाडं थोडीच आहेत आणि हे राखीव संवर्धन क्षेत्र आहे.